पिंजरे धुण्याचा तास

नागपूर,
रविवार, २० मे १९७९

प्रिय पुष्पलता,

पूर्ण नावानं हाक मारली म्हणून दचकू नकोस, रागावलेली नाही. निदान तुझ्यावर तरी नाही. तुझं पत्र नऊ तारखेला मिळालं, सोबतचा छापील फॉर्मही मिळाला. पुण्याजवळच्या त्या संस्थेनं मुकुंदला कायमचा ठेवून घ्यायचं कबूल केलं, अकरा जूनला त्याला पोचवायचं आहे, आणि त्याआधी त्यांना डॉक्टरच्या सहीचा दाखला हवा आहे की मुलगा मतिमंद आहे आणि सुधारणेची अपेक्षा नाही. सही कुठे करायची तिथे तुझ्या रविंद्ररावांनी पेन्सिलनं फुली मारून ठेवली आहे. अठरा वर्षं सह्या करून राहिले आहे, जागा सापडली असती मला. असो. तू लिहिलंस की ताई, फेब्रुवारीत तोंडी बोललीस तेवढंच लिहून दे, दोन ओळी पुरेत. त्या दोन ओळी मी दहा तारखेला लिहिल्या होत्या आणि सोळा तारखेला फाडल्या. हा दाखला मी देणार नाही. का, ते पोस्टकार्डावर मावणार नाही, म्हणून दुपारची खिडक्यांच्या खसच्या ताट्या भिजवून, दार लावून लिहायला बसले आहे. पत्र लांबेल. आधी एकटी वाच, मग घरात कोणाला दाखवायचं ते दाखव.

तू कितीदा विचारलंस, त्या उंदरांचं तू दिवसभर करतेस तरी काय, आणि दर वेळी मी ‘तुला नाही कळायचं’ म्हणून विषय मिटवला. खरं म्हणजे न कळण्यासारखं त्यात काही नाही, मलाच सांगायचा आळस. ऐक. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीकशी फट असते, आणि एकीचा निरोप दुसरीला त्या फटीतून जातो. निरोप घेणाऱ्या पेशीच्या फांद्यांवर काटे असतात, बाभळीला असतात तसे, आणि पुष्कळशा भेटी त्या काट्यांवर होतात. काटे दाट म्हणजे भेटी पुष्कळ. मेंदूचा तुकडा आधी एका पिवळ्या द्रावणात आणि मग चांदीच्या क्षारात बुडवून ठेवला, की दोन-तीन आठवड्यांनी शंभरातली एखादीच पेशी काळी पडते, पण पडते ती अगदी शेवटच्या काट्यापर्यंत. तीच का, शेजारची का नाही, ते कोणालाच सांगता येत नाही. मी सूक्ष्मदर्शकाखाली ते काटे मोजते. एवढाच माझा धंदा. काही वर्षांपूर्वी परदेशातून छापून आलं की मतिमंद मुलांच्या मेंदूत हे काटे विरळ आणि वेडेवाकडे आढळले. तेव्हापासून माझा प्रश्न ठरला: विरळ राहिलेले काटे पुढे कधी भरून येतात, की एका वयानंतर सगळं संपलं? हा प्रश्न मी मुकुंदसाठी घेतला असं तुला वाटत आलं आहे. मी कधी हो म्हटलं नाही, पण तुझा समज मोडलाही नाही. बरं वाटायचं.

प्रयोग असा होता. आईचं दूध सुटलं की काही पिल्लं मोठ्या पिंजऱ्यात दहा-बारा मिळून ठेवायची, तिथे शिड्या, चाकं, रिकामे डबे. बाकीची एकेकटी, लहान पिंजऱ्यात, तिन्ही बाजूंनी पत्रा, दुसऱ्याचं तोंडसुद्धा दिसू नये. खाणं-पाणी दोघांना सारखं. पहिल्या तुकडीत मिळून वाढलेल्यांचे काटे दाट निघाले आणि एकट्यांचे विरळ, जवळजवळ निम्मे. हे इतरांनीही पाहिलं होतं, त्यात माझं नवल काही नव्हतं. माझं नवल पुढचं. तीन महिने एकटे काढलेले आठ उंदीर मी चौथ्या महिन्यात मोठ्या पिंजऱ्यात सोडले. पंधरा दिवस ठेवले. ते कोपऱ्यात पाठ लावून बसले ते बसलेच, शिडीला एकानं तोंड लावलं नाही. पंधराव्या दिवशी मेंदू काढला, काटे होते तेवढेच. मी निष्कर्ष लिहिला की या वयानंतर सुधारणा होत नाही, आणि जानेवारीच्या बारा तारखेला पेपर इंग्लंडला पाठवून दिला. आमचे सर खूश. रीडरची जागा या वर्षी निघणार आहे आणि हा पेपर छापला की ती माझीच, असं ते सगळ्यांसमोर बोलले. मी दोन दिवस हवेत होते, खोटं कशाला बोलू.

आता मागचं बोलते, जे आपण दोघीही टाळतो. चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये तू मुकुंदला घेऊन माझ्याकडे आलीस. तो अडीच वर्षांचा, चालायला लागून जेमतेम चार महिने झालेले, तोंडातून शब्द नाही. तू त्याच्याशी अखंड बोलत होतीस. ही बघ खार, हा बघ टांगा, हे बघ मावशीचं घड्याळ, मला तर डोकेदुखी झाली होती. मी व्हरांड्यात त्याच्या कानाशी किल्ल्यांचा जुडगा वाजवला, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, टॉर्च डोळ्यांसमोरून फिरवला, ठोकळे दिले, ते त्यानं फेकले. माझ्या वहीत वेळ लिहिलेली आहे, अकरा मिनिटं. अकरा मिनिटांनी मी तुला सांगितलं की जे जुळायचं ते जुळून गेलं, बाकी राहिलं ते राहिलं. त्याच्याशी एवढं बोलून तू तुझा जीव नको आटवूस, त्याला गर्दी नको, गोंगाट नको, ठरावीक खोली, ठरावीक माणसं, शांत ठेव. तू मान हलवलीस. तेव्हा माझ्याकडे ना प्रयोग होता ना उंदीर, चार पुस्तकं वाचलेली होती. पण तू डोळे मिटून विश्वास ठेवलास, कारण डॉक्टर बहीण घरातली.

आयुष्यात तू माझं एक म्हणून ऐकलं नाहीस. बी.ए. पुरी कर म्हटलं, नाही केलीस. काटोलचं स्थळ लांब आहे म्हटलं, तेच केलंस. नेमकं हे एक ऐकलंस, आणि ऐकलंस ते तंतोतंत. मागची खोली त्याला दिली, खिडकीला जाड पडदा शिवला, शेजारची पोरं यायची बंद केली. दिवाळीत सगळे अंगणात आणि तो आत. तुझ्या सासूबाई कुरकुरल्या तेव्हा तूच त्यांना सांगितलंस की शामाताईनं सांगितलं आहे. आणि तुझं ते बोलणं थांबलं. पुढच्या वर्षी आले तेव्हा तू त्याला न बोलता भरवत होतीस, न बोलता तोंड पुसत होतीस. मला ते दिसलं होतं. मला वाटलं, चला, हिनं मान्य केलं एकदाचं. मी मनात तुझं कौतुकसुद्धा केलं, आता त्याची लाज वाटते.

तर आता यंदाचं. उंदरांची दुसरी तुकडी मी गेल्या सप्टेंबरात लावली. यात नवीन काही शोधायचं नव्हतं. एकट्यांना सात महिने एकटंच ठेवलं तर काटे आणखी घटतात का, एवढं पाहायचं होतं. डिसेंबरअखेर त्यातल्या सहांचे मेंदू काढले: विरळ, अपेक्षेप्रमाणे. आणखी दहांचे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काढले, बाकीचे पुढच्या मोजणीसाठी पिंजऱ्यांतच ठेवले. काचपट्ट्यांवर आम्ही नुसते आकडे घालतो, कुठली कोणाची हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून. यादी सरांच्या कपाटात असते. मोजून झालं, यादी उघडली, आणि मी डोक्याला हात लावला. एकट्यांचे डिसेंबरातले काटे विरळ आणि एप्रिलमधले दाट. मिळून वाढलेल्यांच्या बरोबरीचे नाहीत, पण त्यांच्या जवळ जवळ आलेले. एकटेपणात काटे वाढतात असं म्हणायचं की काय? आधी वाटलं, पट्ट्यांची अदलाबदल झाली. ते तपासलं. मग वाटलं चांदीचं द्रावण बिघडलं. तेही तपासलं. मग तिसऱ्यांदा मोजलं. आठ दिवस जेवण धड गेलं नाही. तुझं पत्र नेमकं त्या दिवसांत आलं, आणि मी ते वाचून तुझ्या दाखल्याच्या दोन ओळी खरडून पाकिटात घातल्या. पाकीट टाकायला पोस्टापर्यंत जायला उन्हामुळे जमलं नाही, एवढंच. नागपूरच्या उन्हाला मी जन्मात पहिल्यांदा चांगलं म्हणते आहे.

मंगळवारी सकाळी मी सातलाच कॉलेजात गेले. अकरानंतर वीज जाते आणि दिव्याशिवाय मोजता येत नाही, म्हणून. एरवी मी साडेदहाच्या आत प्राणिघरात पाय ठेवत नाही, वास सहन होत नाही. तिथे आमची पंचफुला नळावर पिंजरे घासत बसली होती. ही मौद्याकडची बाई, पन्नाशीला टेकलेली, आमचे नत्थूजी डिसेंबरअखेर रिटायर झाले त्यांच्या जागी जानेवारीत आली. नत्थूजी भारी काटेकोर माणूस. एक पिंजरा धुवायचा तर त्यातला उंदीर जादा पिंजऱ्यात, मग पुढचा. त्यांच्या मागे ते जादा पिंजरे दुसऱ्या विभागानं नेले, आणि मला पत्ताच नाही. पंचफुलाच्या शेजारी जस्ताचा मोठा टब होता. त्यात माझे उरलेले एकटे उंदीर. सगळे. ज्यांनी दुसऱ्याचं तोंड पाहू नये म्हणून मी पत्रे ठोकून घेतले होते, ते एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत होते. टबात मक्याची दोन कणसं, दोऱ्याची रिकामी रिळं, संत्र्याची वाळलेली सालं. शेपटीवरच्या माझ्याच खुणा पाहून ती तासाभरानं ज्याला त्याला बरोबर ज्याच्या त्याच्या पिंजऱ्यात परत ठेवायची. रोज. जानेवारीपासून.

मी ओरडले. कशी ओरडते ते तुला माहीत आहे. ती उठलीसुद्धा नाही, हातातला ब्रश तेवढा खाली ठेवला. म्हणाली, “चिल्लावता काहून, बाई? येगळे ठेव म्हणलं, तं येगळेच ठेवतो न. धुवाच्या टायमाले कुठी ठेवू, डोक्शावर?” पाटी आहे न पिंजऱ्यावर, असं मी म्हटलं. पाटी इंग्रजीत आहे. तिला मराठीही वाचता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आणि ही कणसं, ही रिळं कशाला? त्यावर ती जरा ओशाळली. म्हणाली, लेकरं आहेत, रिकामी बसतील तं एकमेकाले चावतील. मग माझा चेहरा पाहून तिला वाटलं असावं की मी रडणार, म्हणून ती मला समजावायला लागली. म्हणाली, “आता तं लय बेस झाले, बाई. पहिले पायता तुमी, कसे भेकड होते. टबात सोडलं का कोन्यात जाऊन मुंडकं खाली. महिनाभर तसेच. म्या म्हणलं, बसा बापा, मले काय घाई हाये? मंग एक निघाला, मंग त्याच्या मांगं दुसरा.” मी विचारलं, महिना? पंधरा दिवस नाही? ती म्हणाली, पंधरा दिसात काय होते?

पुष्पा, मी तिथेच पोत्यांच्या थप्पीवर बसले. मी पंधरा दिवस थांबले होते. पंधरा दिवस कुठून काढले माहीत आहे? सोळाव्या दिवशी दसऱ्याची सुटी लागत होती. शास्त्रीय कारण एवढंच. त्या आठ उंदरांना मी एकदम बारा अनोळखी धटिंगणांत सोडलं, पंधरा दिवसांत ते कोपऱ्यातून निघाले नाहीत, आणि मी लिहून टाकलं की यांच्यात सुधारणा होत नाही. या बाईनं रोज एक तास, त्याच त्या भित्र्यांना एकत्र, कोणी ढकलत नाही, कोणी पाहत नाही, आणि महिनाभर वाट. काटे भरून आले. माझ्याच सूक्ष्मदर्शकाखाली, माझ्याच हातानं तीनदा मोजलेले. मला तिचा इतका राग आला की विचारू नकोस. थोडा वेळ गेल्यावर लक्षात आलं की राग तिचा नाही, पण तोवर मी तिला बरंच बोलून बसले होते. बुधवारी तिच्याकडे जाऊन ‘चुकलं माझं’ म्हटलं. ती म्हणाली, “जाऊ द्या न बाई, तुमाले उन लागलं असन.”

सरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, दुसरी तुकडी बिघडली असं नोंदवा, टाकून द्या, त्या बाईला मेमो द्या, पहिला पेपर आहेच. इतकं सोपं आहे ते. कोणी विचारणार नाही, कारण विचारणारा दुसरा इथे आहे कोण? मी एक दिवस तो विचार केला, हेही तुला सांगून ठेवते, उगाच मला देवमाणूस समजू नकोस. गुरुवारी इंग्लंडला पत्र टाकलं की पेपर छापू नका, त्यातला मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे, सविस्तर मागाहून लिहिते. आता रीडरची जागा आमच्याच विभागातल्या भैयाजी देशकरांना मिळेल. मिळू दे, त्यांना मुलीचं लग्न करायचं आहे. पंचफुलाला मेमो दिलेला नाही. तिला रोज किती वाजता टब भरायची, महिन्यात कोण कधी कोपऱ्यातून निघालं, ते विचारून वहीत उतरवून राहिले आहे. तिला सगळं आठवतं, माझ्या अर्ध्या विद्यार्थ्यांना आठवत नाही इतकं.

आता सांभाळून वाच. उंदीर म्हणजे मुलगा नव्हे. माझे उंदीर जन्मताना धडधाकट होते, त्यांना एकटं मी केलं. मुकुंदचं तसं नाही. त्याच्या मेंदूत जन्माआधी काय झालं, तुझ्या त्या लांबलेल्या बाळंतपणात काय झालं, हे मला माहीत नाही आणि कोणाला कळेलसंही वाटत नाही. तो शाळेत जाईल, पाढे म्हणेल, असं मी म्हणत नाहीये. म्हटलं तर पुन्हा अकरा मिनिटांचं निदान होईल. पण एक गोष्ट मला आता लिहिता येत नाही, ती म्हणजे ‘सुधारणेची अपेक्षा नाही’. ते मला ठाऊक नाही. ठाऊक नव्हतंच कधी. आणि त्याच्यातलं किती त्याच्यासोबत आलेलं आहे आणि किती त्या जाड पडद्याच्या खोलीतल्या पाच वर्षांचं आहे, ते वेगळं काढून दाखवता येण्यासारखं मी काही ठेवलेलं नाही. पडदा तू शिवलास, पण कापड माझं होतं. तेव्हा दोष वाटून घ्यायचाच असेल तर तुझ्या वाट्याला फार येत नाही. आता बोलायला लागलीस तर एकदम रान उठवू नकोस, पाहुणे गोळा करू नकोस. रोज थोडा वेळ, ठरलेल्या वेळी, दोन-तीनच माणसांत. महिना म्हणजे महिना, पंधरा दिवसांनी मला पत्र लिहून ‘काही होत नाही’ म्हणायचं नाही. माझी पस्तीस दिवसांची रजा शिल्लक आहे. शुक्रवारी सकाळच्या एस.टी.नं मी काटोलला येते आहे. संस्थेला तू तार कर, किंवा मी करते, की अकरा जूनला मुलगा येणार नाही. पुढे नाहीच जमलं, तुझी शक्ती संपली, तर आपण दोघी मिळून त्याला तिथे घेऊन जाऊ, आणि मी कोणाला तोंड वर करून काही बोलणार नाही. रविंद्ररावांशी मी बोलते. ते माझ्यावर चिडतील, चिडू देत, त्यांचा हक्क आहे.

इथवर जे लिहिलं ते येऊन तोंडीही सांगता आलं असतं. जे तोंडी सांगायला माझी जीभ रेटणार नाही, त्यासाठी हे पत्र. पंचवीस फेब्रुवारीचा रविवार आठव. मृगबहाराची तोड चालली होती, अंगणात संत्र्यांचे ढीग. जेवणं झाल्यावर तुम्ही सगळे आडवे झालात. मला दुपारी झोप नाही, म्हणून मी मागच्या पडवीत गेले. तिथे तुमची इंदूबाई संत्री निवडत बसली होती, समोर तीन टोपल्या, आणि तिच्या मांडीला टेकून मुकुंद. खोलीची कडी तिनं काढली होती. मला पाहून ती पांढरीफटक पडली, म्हणाली, ताईले सांगू नका वं बाई, तुमी सारे झोपता तवा बसते बापडा माह्यापाशी, रोजच बसते. मी ‘बरं’ म्हटलं आणि समोर बसले, आणि उगाच हाताला चाळा म्हणून एक संत्रं उचलून मधल्या टोपलीत टाकलं. मुकुंदनं माझ्याकडे पाहिलं. मग वाकून ते संत्रं त्यानं मधल्या टोपलीतून काढलं, कडेच्या टोपलीत ठेवलं आणि म्हणाला, “बारकं.” स्पष्ट म्हणाला. मी मुद्दाम दुसरं लहान संत्रं मधल्या टोपलीत टाकलं, त्यानं तेही काढलं, आणि पुन्हा म्हणाला, “बारकं,” या खेपेला जरा रागावून, मला कळत कसं नाही म्हणून. संत्री खरंच लहान होती. संध्याकाळी एस.टी. स्टँडवर तू मला विचारलंस, ताई, काही फरक वाटतो का गं? आणि मी म्हटलं, नाही. इंदूबाईला शब्द दिला होता म्हणून नाही. माझा पेपर इंग्लंडला गेलेला होता म्हणून. बसमध्ये बसल्यावर मी स्वतःला सांगितलं की एका निरीक्षणानं काही सिद्ध होत नाही, पोपटपंची असेल, आणि वहीत ते उतरवलंसुद्धा नाही, जी मी उंदराच्या शिंकेची नोंद ठेवते. तो बोलतो, पुष्पा. मी ऐकलं आहे. सात वर्षं तू ज्याची वाट पाहिलीस ते मी चौऱ्याऐंशी दिवस तुझ्यापासून लपवून ठेवलं, आणि वर त्याला घराबाहेर काढायच्या कागदावर सही करायला बसले होते. शुक्रवारी दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मी स्टँडवर उतरून आधी तिथेच थांबेन. पण हे पत्र हातातून ठेवलंस की त्याच्या खोलीत जा आणि त्याच्याशी बोल. काहीही बोल.

म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझीच,
शामाताई